पूजेतला दहा नंबरचा पाना

बाबा घरी आले की आधी त्यांच्या चपला बोलायच्या. कारखान्याचा भोंगा झाला की थोड्या वेळाने फाटकाची कडी वाजायची आणि मग ओसरीवर चपला. दोन्ही एकदम सुटल्या तर दिवस बरा गेला असं समजायचं. एक सुटली, मध्ये जरा शांतता पसरली आणि मग दुसरी सुटली, की मी हाताला लागेल ते पुस्तक उघडायचो. एकदा घाईत ताईचं विणकामाचं पुस्तक उघडलं गेलं, तर बाबा माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "काय, परीक्षेला उलटे टाके आहेत का?" बाबांनी मला कधी मारलं नाही. तेच वाईट होतं. मार खाणारी मुलं रडून मोकळी होतात. बाबा नुसतं बघायचे, आणि मी पळायचो. मागच्या दाराने, पेरूच्या झाडाखालून, कुंपणाच्या फटीतून. "नंदू कुठाय?" या प्रश्नाला आमच्या घरात ठरलेलं उत्तर होतं, "आत्ता इथेच होता." मिशा फुटल्या तरी उत्तर बदललं नव्हतं, फक्त कुंपणाची फट मला लहान पडायला लागली होती.

अंबरनाथ पूर्वेला आमचं बैठं घर होतं, पुढे अंगण आणि बाजूला पत्र्याची शेड. बाबा कारखान्यात फोरमन. शेडमध्ये एक जुनी जर्मन गाडी उभी होती. ती मूळची बाबांच्या कारखान्यातल्या एका बड्या साहेबांची. साहेब गेले, गाडी राहिली, आणि कुणालाच नको म्हणून ती आमच्याकडे आली. आई तिला "पांढरा हत्ती" म्हणायची, गाडी निळी असूनसुद्धा. ती वर्षानुवर्षं नुसती उभी होती. त्या उन्हाळ्यात मात्र बाबा कारखान्यात मशीनपाशी उभे असताना घेरी येऊन खाली बसले आणि त्यांना कारखान्याच्या गाडीतून घरी आणलं. डॉक्टरांनी छाती तपासली, गोळ्या दिल्या, लांबलचक रजा घ्यायला लावली आणि जाताना फाटकापाशी आईला हळूच सांगितलं, "धक्का बसेल असं काही होऊ देऊ नका." ते मी कुंपणाआडून ऐकलं. त्या दिवसापासून घराचा आवाजच उतरला. आई कुकरची शिट्टी व्हायच्या आत गॅस बारीक करायची. पाण्याची मोटर बाबा जागे असतानाच लावायची. ताई पैंजण काढून ठेवायला निघाली, तेव्हा बाबाच वैतागून म्हणाले, "अगं, मी अजून आहे." आणि मी? माझी भीती आता दुप्पट झाली होती. आधी बाबांची भीती होती, आता बाबांसाठीही भीती. दोन्हींवर मला एकच उपाय ठाऊक होता, आणि तो कुंपणापलीकडे होता.

घरी बसून बाबांना त्या गाडीचं वेड लागलं. दसऱ्याला गाडी काढायची आणि बदलापूरला मामांकडे सोनं द्यायला तिच्यातूनच जायचं, असा त्यांचा बेत. इंजिन ते स्वतः बघणार होते. सीटांचा प्रश्न निघाला तेव्हा मी पुढचामागचा विचार न करता म्हणालो, "सीट म्हणजे काय बाबा, चार बोल्ट. मी करतो." मी तेव्हा इलेक्ट्रिकलच्या डिप्लोमाला होतो, म्हणजे घरचे फ्यूज उडवण्याचा मला अधिकृत परवाना होता. बाबांनी माझ्याकडे बघितलं. नेहमीसारखं नाही, जरा वेगळं. "करशील?" त्यांनी विचारलं. या एका शब्दात इतकी आशा होती की मला लगेच पळावंसं वाटलं.

चार बोल्ट खरंच सुटले. सीट उचलायला गेलो तर ती गायीसारखी खुंट्याला अडकलेली. साहेबांची गाडी असल्याने सीट विजेवर पुढेमागे होणारी होती, पाठही विजेवर उठायची, झोपायची. त्यामुळे सीटखाली वायरींचं जंगल, आणि जिथे सीटच्या वायरी गाडीच्या वायरींना भेटतात तिथे प्लास्टिकच्या चपट्या डब्या. गॅरेजवाले त्यांना कपलर म्हणतात. त्या डब्या इतक्या वर्षांत एकमेकींना अशा चिकटल्या होत्या की जणू त्यांचं लग्न आमच्या आईबाबांच्या आधीचं. उंदरांनी सीटमधल्या काथ्याचं घरटं केलं होतं, त्याचा वास नाकात, गाल गाडीच्या जमिनीला टेकलेला, एक हात सीटखाली आणि दिसत काहीच नाही, अशा अवस्थेत मी दिवसच्या दिवस काढले. ओढून पाहिलं. स्क्रू ड्रायव्हर घालून पाहिला, तर एक कोपरा टचकन उडाला. प्रत्येक टचकन आवाजाला शेडच्या बाहेरून बाबा विचारायचे, "काय तुटलं?" आणि मी म्हणायचो, "काही नाही, मी खोकलो."

शेवटी उल्हासनगरला गेलो. तिथे सीटकव्हर शिवणारे भगवानदास होते, त्यांनाच काम द्यायचं ठरलं होतं. दुकानात रेक्झिनच्या गुंडाळ्या छतापर्यंत, आणि त्यामध्ये भगवानदास स्वतः एखाद्या मऊ सीटसारखे बसलेले. मी अडचण सांगितली. "अरे साईं," ते म्हणाले, "उस में क्या है? तार काटो, सीट निकालो, मैं सी के देता हूँ, बाद में जोड़ो." मी म्हटलं, नंतर कुठली कुठे जोडायची? "वो तो तुम्हारे पप्पा को मालूम होगा ना!" बाबांना विचारायचं, या कल्पनेनेच मी विठ्ठलवाडी स्टेशनपर्यंत पायी परत आलो. रिक्षा करायचं भानच राहिलं नाही.

कपलर निघाला तो माझ्या अकलेने नाही. सीटखाली हात घालून मी त्याला शिव्या देत होतो, तेवढ्यात कोपर घसरलं आणि माझा सगळा भार त्या डबीवर पडला. डबी आणखी आत गेली, कट्ट झालं, आणि मघापर्यंत दगडासारखी असलेली तिच्या बाजूची कळ बोटाखाली अलगद दबली. मग सुईतून दोरा यावा तशी डबी निघून आली. म्हणजे मी इतके दिवस बाहेर ओढत होतो आणि तिला आधी आत जायचं होतं. आत ढकल, कळ दाब, मग ओढ. बाकीच्या डब्या जेवणाच्या आत निघाल्या. त्या आनंदात मी सीट ओसरीवर आणली, मामांच्या मोटारसायकलची जुनी बॅटरी आणली आणि नवरात्रातल्या दिव्यांच्या माळेतून उरलेल्या पांढऱ्या वायरीचे दोन तुकडे घेऊन सीटच्या मोटरला थेट जोडले. सीट घुर्रर करत पुढे सरकली. वायरी उलट्या केल्या, मागे आली. मग ताईला बसवून ओसरीवर फेऱ्या सुरू झाल्या. "नंद्या, बदलापूर आलं का?" ताई विचारायची. वायरीवर लाल-काळी खूण कर, असं माझ्यातला इलेक्ट्रिकलवाला सांगत होता. माझ्यातला मी म्हणाला, करू नंतर.

सीटा टेम्पोतून उल्हासनगरला नेल्या तेव्हा मी टेम्पोच्या हौद्यात ड्रायव्हरच्या सीटवरच बसून गेलो, हात मांडीवर, मान ताठ. रस्त्यावरची पोरं ओरडत होती, "ओ सेठ, स्टेअरिंग किधर है?" अष्टमीला सीटा परत आल्या. काळं नवं रेक्झिन, कडेला पांढरी दोरी, आणि भगवानदासांनी हौसेने पाठीमागे शिवलेला एक खिसा, जो कुणी मागितला नव्हता.

त्या दिवशी घरात दसऱ्याची घासघूस चालली होती. नळाला येणारं जांभूळचं पाणी जायच्या आत आईला सगळी पितळ-तांब्याची भांडी काढायची होती. अंगणात समया, निरांजनं, ताम्हन, घंटा, आणि मध्ये चिंच-मिठाचं मोठं भगुलं. बारवी धरणाकडच्या गावांतल्या बायका झेंडू आणि भाताच्या लोंब्या घेऊन दारावर आल्या होत्या, त्यांच्याशी आईची घासाघीस चालू. आणि ताईच्या हाताखाली हिरवं पडलेलं ताम्हन असं उजळत होतं की बघत राहावं. माझ्या हातात कपलर होते. त्यांच्या आतल्या पितळी पिनाही अशाच हिरव्या. आता सांगा, ज्या घरात पितळ हिरवं पडलं की चिंच लावतात, त्या घरच्या मुलाने दुसरं काय करावं? चिंचेचा गोळा उचलला, मीठ घेतलं, आणि जुन्या दात घासायच्या ब्रशने एकेक पीन अशी लखलखीत केली की देव्हाऱ्यात ठेवावी. वरून पाणी टाकलं, झटकलं, शर्टाला पुसलं. सीट बसवली. बटण दाबलं, पुढे गेली, मागे आली. गाडीच्या बॅटरीचा नट मी दहा नंबरच्या पान्याने दात-ओठ खाऊन आवळला. बाबांनी बाहेरून विचारलं, "काय तुटलं?" मी म्हटलं, "काही नाही. झालं." बाबा आत आले, नव्या रेक्झिनवर हात फिरवला आणि काहीच बोलले नाहीत. त्यांच्या न बोलण्याचे सगळे प्रकार मला ठाऊक होते. हा नवीन होता.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सकाळी मधल्या खोलीत पाटावर लाल कापड घालून हत्यारं मांडली. बाबांचे सगळे पाने, हातोडी, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, ताईची कात्री, आणि आईच्या आग्रहाने विळी. हळद-कुंकू, अक्षता, झेंडू. पूजा झाली की दुसऱ्या दिवशीपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, हा नियम. त्या दिवशी आमच्याकडे भाजी हाताने मोडायची, म्हणून पालेभाजी आणि लाल भोपळ्याचे घारगे. भोपळा आईने आदल्या दिवशीच चिरलेला. घारगे तळल्याचा वास शेडपर्यंत येत होता. मग गाडीची पूजा. बॉनेट उघडून इंजिनालाही कुंकू लावलं, चाकापुढे नारळ फोडला. आई म्हणाली, "आता बसा, मी ओवाळते." बाबा नव्या सीटवर बसले. पुढचा हार नीट करायला मी बॉनेटपाशी गेलो, आणि सीटची मोटर घुर्रर करून वाजली.

"बास, नंदू," बाबा म्हणाले.

"मी काही केलं नाही बाबा."

"बास म्हटलं ना. ऐकू येत नाही?"

मी बॉनेटच्या बाजूला होऊन दोन्ही हात वर केले. ते पाहून बाबांचा चेहरा बदलला. त्यांनी मागे जायचं बटण दाबलं. सीट पुढेच येत होती. हळू, अगदी सावकाश, एखादा पाहुणा पाटावर सरकून घेतो तशी. किल्ली तर गाडीला लावलेलीही नव्हती. बाबांनी उठायला पाय ओढला, पण गुडघे डॅशबोर्डखाली अडकले होते. मी दार उघडून त्यांचा दंड धरून ओढलं, ते जागचे हलले नाहीत. स्टेअरिंग पोटाला लागलं. मग पाठही मागून उठायला लागली. बाबा स्टेअरिंगवर वाकले, त्यांची छाती मधल्या हॉर्नवर टेकली, आणि हॉर्न सुरू झाला.

तो आवाज मी आजही विसरलेलो नाही. एकसारखा, न थांबणारा. ज्या छातीची आम्ही इतके महिने कुकरच्या शिट्टीपासून राखण करत होतो, तीच छाती आता हॉर्न वाजवत होती. आईच्या हातातलं ताट खाली पडलं, तेही ऐकू आलं नाही. शेजारचे पाटणकरकाका कुंपणावरून हात जोडून हसत ओरडले, "जोरात आहे हो दसरा यंदा! पेढे कुठायत?" बाबांची मान माझ्याकडे वळली. त्यांचे डोळे मी पहिल्यांदाच तसे बघितले. ते मला बघून रागावलेले नव्हते. ते घाबरले होते.

मी धावलो. बॅटरी सोडवायची, पाना घरात, हे डोक्यात होतं. पण पाय मागच्या दाराच्या दिशेने पडले आणि मागचं दार उघडं होतं. पेरूचं झाड दिसत होतं. पहिली काही पावलं मी पाना आणायला धावत होतो की नेहमीसारखा पळत होतो, हे इतक्या वर्षांनी, सगळे पुरावे समोर ठेवूनही मला ठरवता येत नाही. एवढं खरं, की मधल्या खोलीत पाटापुढे मी थांबलो. पानेवाल्या देवापुढे समई जळत होती. दहा नंबर कुठला? सगळेच पाने हळदीने पिवळे, त्यांवर झेंडू, आणि हात लावायचा नाही. माझा हात खरंच पुढे होईना. हसू नका, वीस वर्षांचा घोडा, तिकडे बाप चिरडतोय, आणि मी पूजा मोडेल म्हणून उभा.

मागून आई आली. "सरक," म्हणाली. जिने आयुष्यात कधी खंडेनवमीला सुरीला बोट लावलं नव्हतं, तिने पाटावरची सगळी हत्यारं, फुलं, अक्षता, सुपारीसकट पदरात ओढली, "माफ कर गं माये," असं देवीला रागावल्यासारखं म्हणाली आणि ओटी धरून पळत सुटली. मी तिच्या मागे. अंगणभर झेंडू सांडत गेले. शेडमध्ये तिने पदर माझ्यापुढे उघडला. "घे तुझं काय ते!" दहा नंबर हाताला लागला. काल मीच आवळलेला नट. हळदीने पाना निसटत होता, बोटं सोलवटली, आणि मग नट फिरला, मी केबल उपटली, आणि हॉर्न थांबला.

एकदम शांतता. बॉनेट उघडं होतं, त्यामुळे मला समोर काच दिसत नव्हती, बाबा दिसत नव्हते. नुसती शांतता. वीज तुटली म्हणून हॉर्न थांबला की छाती थांबली म्हणून? मी बॉनेटच्या या बाजूला केबल हातात धरून उभा. डोकं वाकवून बघायची हिंमत होईना.

"बाबा?"

काही नाही. 

"बाबा!"

"हॉर्न थांबला," आतून बारीक, दबलेला आवाज आला. "तू का थांबलायस?"

मी दाराशी गेलो. बाबा तसेच स्टेअरिंगवर वाकलेले, कपाळावर घाम, श्वास तुकड्यातुकड्याने. आता सीट मागे घ्यायला वीज हवी, आणि गाडीच्या विजेवर भरवसा नाही. "ताई, ओसरीवरची बॅटरी आण, वायरींसकट," मी ओरडलो आणि सीटखाली डोकं घातलं. कपलर धरला. बोटं चिकट झाली. चिंचेचा आंबट वास आला, आणि तिथेच, बापाच्या पायांशी पालथा पडून, मला सगळं कळलं. ओलं मीठ पिनांच्या मधोमध बसलं होतं. बटण न दाबताच बटण दाबल्याची खबर मोटरला जात होती. मी कपलर ओढला. हलला नाही. पुन्हा ओढला. वायरी कापाव्यात असं वाटलं, पण कापल्यावर कुठली कुठली हे कोण सांगणार? "काय तुटलं?" वरून बाबांनी विचारलं. त्या आवाजात थट्टा होती की भीती, देव जाणे. पण मी भानावर आलो. आत ढकल. कळ दाब. ओढ. कट्ट.

ताईने बॅटरी ठेवली. मोटरच्या दोन जाड पिना मला ठाऊक होत्या. हातात दोन वायरी, दोन्ही पांढऱ्या, दोन्ही सारख्या. एक जोडणी मागे नेणार, दुसरी पुढे. पुढे जायला आता जागाच नव्हती, मध्ये फक्त बाबा होते. मी दोन्ही वायरी हवेतच धरल्या.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

'मी खोकलो' असं मी पहिल्यांदाच म्हणालो नाही. "बाबा, कुठली वायर कुठली ते कळत नाहीये. खूण नाही केली."

 मी त्या नजरेची वाट बघत होतो, पण आता मान वळवायलाही त्यांना जागा नव्हती. मग ते कारखान्यात बोलत असतील तसे बोलले, सावकाश, एकेक शब्द श्वासाबरोबर. "नुसती टेकव. आणि लगेच काढ. मी हां म्हटलं तरच ठेव."

मी टेकवली. टक्. बाबांच्या तोंडून आवाज आला, तो हां नव्हता. ताईने तोंडावर हात ठेवला. मी वायरी उलट्या केल्या. टेकवली. टक्.

"हां," बाबा म्हणाले. "ठेव."

सीट घुर्रर करत मागे आली. पाठ तशीच पुढे वाकलेली राहिली, तरी बाबा मोकळे झाले. आईने त्यांना बाहेर काढून शेडच्या दारात बसवलं, पाणी दिलं, शर्टाची बटणं काढून छातीवर हात ठेवून ती बसून राहिली. छातीवर हॉर्नच्या बटणाचा गोल लाल वळ उठला होता. पाटणकरकाका धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टरांनी नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "ठीक आहे. धक्का बसू देऊ नका म्हटलं होतं ना?" आई म्हणाली, "धक्का नव्हता हो, सावकाश चेपलं." तेव्हा आधी बाबा हसले. मग छाती धरून कळवळले. मग पुन्हा हसले.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, मामांकडे आम्ही रिक्षाने गेलो. संध्याकाळी परतताना बाबा माझ्या शेजारी बसले होते. रिक्षाच्या आवाजात, पुढे बघत, ते म्हणाले, "तू आत धावलास ना, तेव्हा मला वाटलं, गेला हा."

  मलाही तसंच वाटलं होतं.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला पाट तसाच मांडला. लाल कापड, पाने ओळीने, झेंडू, विळी. बाबा सोवळं नेसून पूजेला बसले, पण अंगात आज शर्ट होता. आईने डोळ्यांनी विचारलं, त्यांनी लक्ष दिलं नाही. हळद लावायला ते पुढे वाकले तेव्हा मला दिसलं. ओळीत नऊनंतर एकदम अकरा होता, आणि बाबांच्या शर्टाच्या खिशातून पान्याचं एक टोक बाहेर डोकावत होतं.